तीस मिली, एका पंपाला

भाऊसाहेबांच्या आठवणींची एक पुस्तिका निघते आहे. कोर्टातले त्यांचे जुने सहकारी ती काढताहेत. त्यांच्यापैकी एकाचा मला फोन आला. म्हणाला, "सर, दोन पानं द्या. साधे होते, सरळ होते, सगळ्यांना सांभाळून घेणारे होते, असं काहीतरी. चांगलं तेवढंच लिहा."

भाऊसाहेब साधे नव्हते. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सांभाळून घेतलं असेल, तर ते माझ्या पाहण्यात नाही. मी त्यांच्याबरोबर चार वर्षं एका खोलीत काढली. माणूस तिरसट, आढ्यताखोर आणि समोरच्याला खाली दाखवण्यात आनंद मानणारा. आता पुस्तिकेत जे लोक त्यांना प्रेमळ म्हणणार आहेत, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरच्या लग्नपत्रिका त्यांनी हिरव्या पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवल्या होत्या. मुलीच्या बापाला लग्नाच्या आठ दिवस आधी टपालाने ती पत्रिका यायची. 'आपल्या आगमनाची प्रतीक्षा आहे' यावर खूण, आणि समासात शेरा: 'कोणाला? वाक्य अपूर्ण.' लग्नाला मात्र ते जायचे नाहीत.

ज्या पत्रिका परत पाठवायच्या नसत, त्या कापून ते त्यांच्या कोऱ्या बाजूवर नियम लिहीत. इंग्रजी वाक्याचं मराठी कसं करायचं, याचे नियम. जाड, गुळगुळीत, हळदीकुंकवाचं बोट लागलेले ते तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेले असत. असे सतरा डबे मी मोजले होते. प्रत्येक नियमाला आम्ही आकडे दिले होते, पण त्यांना ते मान्य नव्हते. ते नियम ओळखायचे मागच्या नावांवरून. "तो शक्यतेचा नियम बघा जरा. वांबोरीच्या वराच्या मागे आहे." असं ते अगदी गंभीरपणे सांगत आणि मी, नगरच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, डबे उपसत वांबोरीचा वर शोधत बसे.

राहुरीच्या स्टँडजवळ खता-औषधांच्या एका दुकानावर आमची संस्था होती. काम असं की, शेतीतज्ज्ञ पिकांबद्दल जे सल्ले देत, ते मराठीत करून शेतकऱ्यांच्या मोबाईलवर मेसेज म्हणून पाठवायचे, आणि हे मराठी करण्याचं काम कॉम्प्युटरने करायचं. तज्ज्ञ मराठी होते, शेतकरी मराठी होते. मधला सल्ला तेवढा इंग्रजीत असायचा, कारण ज्यांच्या पैशावर संस्था चालत होती त्यांना तो इंग्रजीत वाचायचा असे. हे विचित्र आहे असं आमच्यापैकी कोणी कधी म्हणालं नाही. म्हटलं असतं तर आम्हा सगळ्यांनाच घरी जावं लागलं असतं.

भाऊसाहेब जिल्हा कोर्टात एकतीस वर्षं भाषांतरकार होते. नियमांचं काम त्यांच्याकडे. माझ्याकडे दुसरी बाजू. मी इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापलेली शेतीची पत्रकं पोत्यांनी गोळा केली होती. ती वाक्यांना वाक्यं जुळवून कॉम्प्युटरला खायला घालायची. मग कोणता इंग्रजी शब्द कोणत्या मराठी शब्दाबरोबर किती वेळा येतो, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे तो मोजतो आणि त्या मोजणीवरून नवं वाक्य रचतो. त्याला व्याकरण शिकवावं लागत नाही. पुण्याहून आठवड्यातून एकदा एक प्रोग्रॅमर यायचा, तो ही यंत्रणा बसवून देई.

भाऊसाहेब तिला 'तुमची मतमोजणी' म्हणत.

"बहुमतानं सरपंच निवडावा, प्राध्यापक," ते म्हणायचे. "औषधाचं माप निवडू नये."

मतमोजणीने पहिल्याच आठवड्यात माझं नाक कापलं होतं, हे कबूल करतो. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात पुरावं, असा एक साधा सल्ला होता. माझ्या पत्रकांत मेलेलं जनावर फारसं कुठे नव्हतं, उत्पादन मात्र पानोपानी होतं. यंत्राने लिहिलं, 'शेतकरी बंधूंनो, मेलेल्या जनावराचे भरघोस उत्पादन घ्यावे.' भाऊसाहेबांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलं. कोणी पाहुणा आला की ते उठून त्याला ते वाचून दाखवत, आणि मग माझ्याकडे वळून विचारत, "काय संख्याशास्त्रज्ञ, घेतलं का उत्पादन?"

आणि त्यांचे नियम काय करत होते? ते मराठी शेतकऱ्यावर समन्स बजावत होते. 'सदर किडीचा सदर पिकावर प्रादुर्भाव दिसून आल्यास सदरहू इसमाने' असली वाक्यं. राहात्याकडचा एक शेतकरी तो मेसेज घेऊन थेट तलाठ्याकडे गेला होता. आपल्यावर कोणी दावा लावला म्हणून घाबरला बिचारा. हे मी भिंतीवर लावलं नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

पण भाऊसाहेबांची एक रीत होती. तेव्हा मी तिची टिंगल करायचो.

रोज चार वाजता, दुसऱ्या दिवशीचे मेसेज त्यांच्या नियमांतून बाहेर आले की, ते तो कागद घेऊन खाली उतरायचे. स्टँडवर, चहाच्या गाड्याशी, औषधाच्या दुकानात जो पहिला शेतकरी दिसेल त्याला धरायचे आणि एक वाक्य वाचून दाखवायचे. 'समजलं का?' असं ते कधीच विचारत नसत. "समजलं का विचारलं की माणूस हो म्हणतो. मी एकतीस वर्षं आरोपींना समजलं का विचारताना ऐकलंय," असं त्यांचं म्हणणं. ते विचारायचे, "आता सांगा, उद्या सकाळी उठून काय करणार?"

एकदा मी बरोबर होतो. एक पागोटेवाले म्हातारे एस. टी.ची वाट बघत बसले होते. भाऊसाहेब त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी गव्हाच्या पाण्याबद्दलचं एक लांबलचक वाक्य खणखणीत आवाजात वाचलं.

"आता सांगा बाबा, उद्या सकाळी काय करणार?"

"उद्या व्हय? उद्या लेकीकडं जायाचंय, राहात्याला."

"आणि गव्हाचं पाणी?"

"त्ये तुमी देनार म्हनला न्हवं आत्ता?"

भाऊसाहेबांनी कागदावर हिरवी फुली मारली. "नापास."

म्हातारे दचकले. "ओ भाऊसायेब, कोन नापास? मी का काय?"

"तुम्ही नाही. वाक्य."

"मंग ठीक हाय," म्हातारे म्हणाले आणि त्यांनी तंबाखूची डबी पुढे केली. भाऊसाहेबांनी ती घेतली नाही. साधं हसलेसुद्धा नाहीत. वर येऊन त्यांनी एक लग्नपत्रिका कापली, नवा नियम लिहिला आणि पाच दहाची नगरची गाडी पकडली. वाक्य तीन तुकड्यांत तोडायचं, आणि कोणी करायचं ते प्रत्येक तुकड्यात सांगायचं, असा तो नियम होता. वर्षभरात त्यांच्या वाक्यांतले 'सदर' आणि 'सदरहू' गेले ते अशा चार वाजताच्या फुल्यांमुळे.

पंपाचा नियमही तिथेच जन्माला आला. आमच्या सल्ल्यांत औषधाचं माप असायचं लिटरला इतके मिली. सरकारी काय, खासगी काय, सगळी पत्रकं लिटरमध्येच बोलतात. भाऊसाहेब तीन दिवस खालच्या दुकानात पोत्यावर बसून राहिले आणि गिऱ्हाइकं काय बोलतात ते टिपत राहिले. लिटर कोणी विचारतच नव्हतं. जो तो विचारायचा, "पंपाला किती?" फवारणीचा पाठीवरचा पंप. दुकानदाराकडचे पंप त्यांनी पाणी भरून मोजले. पंधरा लिटर. वर आले आणि म्हणाले, "माझा नियम आकड्याला पंधरानं गुणेल आणि 'एका पंपाला' असं लिहील."

मी म्हटलं, "पत्रकांत कुठेच तसं नाही."

"पत्रकं तुम्ही वाचता. पंप ते पाठीवर घेतात."

त्यांच्या बोलण्याची ही तऱ्हा. बरोबर असायचं, पण बरोबर आहे हे मान्य करताना माणसाला स्वतःची लाज वाटावी अशी तजवीज त्यात असायची.

मग संचालकांनी हुकूम काढला की भांडणं पुरे, दोन्ही पद्धती एकत्र करा. नियमांनी वाक्य बांधायचं आणि त्यावर संख्याशास्त्राने हात फिरवून ते गुळगुळीत करायचं. कागदावर हे इतकं सुंदर दिसत होतं की, मी त्याला 'संगम' असं नाव दिलं. संगम म्हटलं की मागचे सगळे नाले पवित्र होतात.

भाऊसाहेबांनी एकच अट घातली. ज्या वाक्यात औषधाचं माप असेल किंवा 'करू नका' असेल, ते त्यांच्या नियमांतून बाहेर पडलं की त्याला कुलूप. माझ्या मोजणीने त्याला हात लावायचा नाही.

"कोर्टात भाषांतरकाराची सही झाली की त्या कागदावरचा स्वल्पविराम हलवायचा तरी शेजारी आद्याक्षरं लागतात," ते म्हणाले. "मी चार वाजता एक वाक्य माणसाला विचारून पास करायचं आणि पाच वाजता तुमच्या मतमोजणीनं ते फिरवायचं, हे चालणार नाही."

"भाऊसाहेब, हे कोर्ट नाही."

"म्हणून तर भीती वाटते."

दोन आठवडे भांडून मी कुलूप बसवलं. दोन वर्षं ते नीट चाललं. मापाची वाक्यं ओबडधोबड यायची, 'औषध घ्या. तीस मिली, एका पंपाला.' बाकीची वाक्यं माझ्या यंत्राच्या हाताने गोड होऊन यायची. शेतकऱ्यांचा विश्वास बसला. विश्वास बसला होता ओबडधोबड वाक्यांमुळे. गोड वाक्यं 'शेतकरी बंधूंनो' म्हणत होती, त्यांच्यावाचून कोणाचं काही अडलं नसतं.

त्यानंतर समिती यायचं ठरलं. संस्था पुढे चालू ठेवायची की बंद करायची, हे ती समिती पाहणार होती. यंत्राची परीक्षा ठरलेली असे. माणसाने केलेलं भाषांतर शेजारी ठेवायचं, यंत्राचं वाक्य त्याच्याशी शब्दाला शब्द लावून बघायचं आणि जितकं जुळेल तितके गुण द्यायचे. हे नमुन्याचं भाषांतर अर्थातच पत्रकांतून घेतलेलं. त्यात लिटर होता. म्हणजे आमचं वाक्य शेतकऱ्याच्या जितकं जवळ जाई, तितके आमचे गुण कमी होत. या असल्या परीक्षेवर मी पुढे भाषणं दिली आहेत आणि लोकांनी टिपणं घेतली आहेत.

समिती शुक्रवारी येणार होती. गुरुवारी भाऊसाहेब त्यांच्या पाच दहाच्या गाडीने गेल्यावर मी कॉम्प्युटरसमोर बसलो. कुलूप म्हणजे प्रोग्रॅममधली एक ओळ होती. तिच्याआधी एक खूण टाकली की यंत्र ती ओळ वाचत नाही. मी खूण टाकली. परीक्षा पुन्हा चालवून पाहिली. गुण चढले. इतके चढले की मी खुर्चीत मागे रेलून बसलो.

शुक्रवारी समितीचे अध्यक्ष म्हणाले, "काय ओघवती मराठी आहे!" हे ते इंग्रजीत म्हणाले. भाऊसाहेब कोपऱ्यात आपल्या लाकडी स्टुलावर बसून होते. चाकांच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत, 'जागा न सोडणारं आसन हवं' म्हणायचे. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, आपण काय करता? ते म्हणाले, "मी यांच्या यंत्राला अडवतो." सगळे हसले. मीही हसलो.

शनिवारी खूण काढून टाकायची, असं मी ठरवलं होतं. शनिवारी अभिनंदनाचं पत्र आलं. अशी मराठी महिनाभर चालू ठेवा, पुन्हा पाहायला येऊ, असं त्यात होतं. मी खूण काढली नाही. विसरलो असं मी नंतर बऱ्याच वेळा स्वतःला सांगितलं. विसरलो नव्हतो. सोमवारी सकाळी त्या ओळीकडे पाहून मी चहा प्यायला गेलो होतो.

मंगळवारच्या मेसेजात कांद्याच्या रोपावरच्या फुलकिड्यांसाठी औषध होतं. तज्ज्ञांनी लिहिलं होतं, लिटरला दोन मिली. भाऊसाहेबांच्या नियमाने पंधराने गुणलं आणि लिहिलं, तीस मिली, एका पंपाला. बरोबर. त्यांनी सोमवारी चार वाजता ते खाली एका बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पंपात तीस मिली वतायचं आन् मारायचं." पास. सही.

त्यानंतर वाक्य माझ्या यंत्राकडे आलं. कुलूप नव्हतं. आकड्यांना हात लावायचा नाही, असं मी यंत्राला शिकवलं होतं, त्यामुळे तीस तसेच राहिले. पण 'मिली' या शब्दाजवळ 'एका पंपाला' हे यंत्राने पत्रकांत कधी पाहिलं नव्हतं, आणि 'एक लिटर पाण्यात' हे हजारदा पाहिलं होतं. त्याने मतं मोजली. बहुमत लिटरचं होतं. वाक्य अगदी ओघवतं झालं. 'शेतकरी बंधूंनो, एक लिटर पाण्यात तीस मिली औषध मिसळून फवारणी करावी.'

दोन पद्धतींनी मिळून केलेली चूक होती ती. नुसत्या नियमांना अशी चूक करता आली नसती, नुसत्या मोजणीलाही नाही. आकडा एकाचा आणि माप दुसऱ्याचं. संगम.

बहुतेकांनी मेसेज वाचून सोडून दिला, किंवा दुकानदाराने त्यांना अडवलं. एकाने तो पाळला. राहुरीजवळच्याच एका वस्तीवरचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. गावात सगळे त्यांना फौजी म्हणत. शेतीत नवे, काटेकोर. गुरुवारी ते जिना चढून वर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुळांसकट उपटलेलं कांद्याचं रोप. शेंड्यापासून खालपर्यंत पांढरंफटक झालेलं.

"हितं सायेब कोन हाय?"

मी उभा राहिलो. त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर, कीबोर्डवर ठेवली.

"ह्यो मेसेज तुमचा हाय का न्हाई, येवढंच सांगा."

"आमचाच आहे. काय झालं?"

"काय झालं? सगळं वाफं जळालं. दुकानदार म्हनत हुता, फौजी, हे लई व्हतंय, लिटरला तीस कुनी मारीत न्हाई. मी त्यालाच झापलं. म्हनलं, दोन वर्स झाली मेसेज येतोय, मापात येकदा चुकला न्हाई. तू दुकानदार, तू तुज्या फायद्याचं बोलनार." त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण जात होतं. "आता बायकू इचारती, कुनाचं आयकून केलं? काय सांगू तिला? मोबाईलचं?"

भाऊसाहेब स्टुलावरून उठले. त्यांनी फौजींचा मोबाईल हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलून तो मेसेज डोळ्यांजवळ नेऊन वाचला. दोनदा वाचला. मग ते कपाटाकडे गेले आणि सोमवारचा सहीचा कागद काढून त्यांनी तो मोबाईलशेजारी धरला. आणि माझ्याकडे पाहिलं.

"प्राध्यापक, कुलूप?"

फौजी माझ्याकडे बघत होते. भाऊसाहेब माझ्याकडे बघत होते. हो, मी काढलं, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "तपासावं लागेल."

त्या दुपारी मी तपासलं नाही, मी कुलूप परत लावलं. ओळीआधीची खूण पुसली आणि मग संचालकांना सांगायला गेलो की, चौकशी करू.

चौकशी मीच केली. अहवालही मीच लिहिला. एका पानाचा होता. मुख्य वाक्य असं: 'मूळ इंग्रजी सल्ल्यात नसलेला तीस हा आकडा नियमाधारित भागाने केलेल्या गुणाकारामुळे अंतिम संदेशात आला.' त्यातला एकेक शब्द खरा आहे. मूळ सल्ल्यात तीस नव्हते. गुणाकार नियमाने केला होता. अंतिम संदेशात तो आकडा आला होता. खाली भाऊसाहेबांचं नाव होतं, 'नियमांची जबाबदारी' या शब्दांपुढे. त्या कागदाच्या छापील प्रती निघाल्या. एक नोटीस बोर्डावर लागली, एक फौजींकडे गेली, एक समितीकडे आणि एक पोस्टाने भाऊसाहेबांच्या घरी. सर्व शेतकऱ्यांना मेसेजही गेला की, नियमातील चुकीबद्दल दिलगीर आहोत, संबंधित व्यक्तीस कामातून मुक्त करण्यात आले आहे.

शेवटच्या दिवशी ते डबे बांधत होते. नियम कॉम्प्युटरमध्ये होतेच, डब्यांची आम्हाला गरज नव्हती. त्यांनी बोर्डावरचा कागद काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"उत्तम भाषांतर आहे," ते म्हणाले. "एकही शब्द चुकीचा नाही. कोर्टात मी याच्यावर डोळे झाकून सही केली असती."

मी तो कागद उलटा करून ठेवला.

"यात एक वाक्य घाला. 'कुलूप काढलेलं होतं.' कुणी काढलं तेही लिहू नका."

"संचालकांशी बोलतो."

"नका बोलू. लिहा."

"भाऊसाहेब, समिती पुन्हा येणार आहे. आता हे उकरलं तर संस्थाच बंद पडेल. तुम्ही तरी स्वतःहून का सांगत नाही संचालकांना?"

त्यांनी डब्याची सुतळी दाताने तोडली. "मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जबान्या लिहिल्या. स्वतःची द्यायची मला सवय नाही. तुमची तुम्ही द्या."

असा हा आढ्यताखोर माणूस. एकदा आरडाओरडा केला असता, चार लोकांसमोर माझी गचांडी धरली असती, तर मी त्याच दिवशी कबूल केलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं मानत आलो. म्हणजे माझ्या भित्रेपणाचं खापरही मी त्यांच्याच स्वभावावर फोडून ठेवलं होतं.

पुढे मी एका परिषदेत त्या पद्धतीवर निबंध वाचला. नियम आणि संख्याशास्त्र यांचा मेळ. त्यात एक परिच्छेद कुलपावर होता. 'मापाची आणि मनाईची वाक्यं संख्याशास्त्राच्या हाती न देण्याची खबरदारी आम्ही पहिल्यापासून घेतली.' आम्ही. पहिल्यापासून. त्या परिच्छेदाला टाळ्या मिळाल्या. भाऊसाहेबांचं नाव निबंधात नव्हतं. ज्याच्या चुकीने रोप जळालं त्याचं नाव कसं घालायचं? आता ना ते नियम कोणी वापरत, ना माझी ती मोजणी. हातातला फोन कुठल्याही भाषेतून कुठल्याही भाषेत घडाघडा बोलतो. मला त्याचं कौतुक नाही आणि त्याच्याबद्दल तक्रारही नाही.

पुस्तिकेचा फोन आल्यावर मी एक पान लिहिलं आणि सावेडीला वहिनींकडे, भाऊसाहेबांच्या पत्नीकडे, गेलो. छापण्याआधी त्यांनी वाचावं म्हणून. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि पान वाचत उभ्याच राहिल्या. वाचून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"म्हणजे आकडा त्यांचा चुकला नव्हता?"

"नाही."

"पंधरा दुणे तीस. बरोबर होता."

"बरोबर होता."

त्या खुर्चीवर बसल्या.

"त्यांनी सांगितलं होतं मला," त्या म्हणाल्या. "एकदाच. माझा आकडा बरोबर होता, म्हणाले. मी म्हटलं, अहो, छापील कागद आलाय, एवढी शिकलेली माणसं खोटं कशाला लिहितील? वय झालं, डोळे गेले, मान्य करा आणि घरी बसा आता. त्यावर परत तो विषय काढला नाही त्यांनी." त्यांनी पान मांडीवर ठेवलं. "त्या दिवसापासून मी घरात त्यांना काही मोजू दिलं नाही. त्यांच्या बीपीच्या गोळ्यासुद्धा मी मोजून हातावर ठेवायचे. सकाळी एक, संध्याकाळी अर्धी. शेवटपर्यंत. हात पुढे करायचे, घ्यायचे. माझं मी बघतो, असं कधी म्हणाले नाहीत. सर, तुम्हाला कळतंय का मी काय सांगतेय?"

मी म्हटलं, "वहिनी, मी फार उशीर केला."

"उशीर माझाही झाला. पण मला कोणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

मी उठलो. पान घेण्यासाठी हात पुढे केला, पण त्यांनी ते दिलं नाही.

"हे राहू द्या माझ्याकडे. तुम्ही दुसरं लिहा. यात तुम्ही त्यांना फार मोठं केलंय. थोर, निःस्पृह, तपस्वी. ते तसे नव्हते. घरातसुद्धा नव्हते. होते तसे लिहा आणि झालं ते लिहा. आणि त्यांचं नाव घालू नका."

"वहिनी, त्यांचं नाव निघावं म्हणून तर—"

"बाकीचे घालतील. तुमच्या कागदावर ते एकदा छापून आलंय, तेवढं पुरे."

म्हणून हा दुसरा कागद, आणि म्हणून त्यात त्यांचं नाव नाही; भाऊसाहेब तर त्यांना सगळेच म्हणत. ज्या सगळ्यांना तेव्हा तो अहवाल आणि तो मेसेज मिळाला होता, त्यांच्यासाठी एवढी दुरुस्ती: तीस हा आकडा भाऊसाहेबांचा होता आणि तो बरोबर होता. लिटर माझा होता.